कॅप्टन आकडे

झोपताना मुलांना गोष्ट वाचून दाखवावी म्हणजे ती लवकर झोपतात, हा शोध ज्याने लावला त्याची मुलं वेगळी असणार. आमच्याकडे गोष्ट सुरू झाली की आठ वर्षांची कन्या टक्क जागी होते आणि दुसऱ्या पानावर मी झोपतो. मग ती मला कोपराने ढोसते. ‘‘बाबा, पुढे?’’ मी दचकून म्हणतो, ‘‘पुढचा हप्ता पाच तारखेला!’’

गेले तीन महिने हे ‘पुढे’ म्हणजे ‘पीटर पॅन’ आहे. पहिल्याच रात्री एक अडचण आली. ‘‘समुद्री चाचा म्हणजे समुद्रावरचा काका का?’’ मी म्हटलं, नाही, तो दरोडेखोर असतो. ती म्हणाली, ‘‘मग त्याला काका का म्हणतात?’’ या प्रश्नावर एक रात्र गेली.

सुरुवातीला मी सगळ्यांचे आवाज काढायचो. पीटरचा काढला, तर कन्या म्हणाली, ‘‘याला सर्दी झालीय.’’ वेंडीचा काढला, तर स्वयंपाकघरातून बायको हसली. भांडी घासताना माणूस सहसा हसत नाही, म्हणून ते जास्त लागलं. मग चाचांचा म्होरक्या कॅप्टन हूक आला. तोवर मी थकलो होतो. कसलाही आवाज न काढता, दिवसभर ऑफिसात वापरून झिजलेल्या माझ्या स्वतःच्या आवाजात वाचत गेलो. कन्या पांघरुणातून उठून बसली. ‘‘बाबा! हा एकदम भारी जमला. तू फक्त हूकच कर.’’

तेव्हापासून मी त्या माणसाकडे जरा आपुलकीने बघू लागलो आहे.

मेणबत्त्यांसारखे लोंबणारे काळे कुरळे केस, निळे उदास डोळे, उजव्या हाताच्या जागी लोखंडी आकडा आणि अंगावर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाच्या थाटाचे कपडे. हे कपडे का, तर तू त्या दुर्दैवी स्टुअर्ट राजांसारखा दिसतोस, असं त्याला कधीतरी कुणीतरी म्हणालं होतं. तेवढ्यावर या माणसाने जन्माचा कपडेपट ठरवला. लोक याला हसतात. मी हसत नाही. कॉलेजात एका मुलीने मला सांगितलं होतं की बाजूने पाहिलं तर मी अमोल पालेकरसारखा दिसतो. तेव्हापासून घरच्या सगळ्या फोटोंत मी बाजूने उभा आहे. लग्नाच्या अल्बममध्ये मी कुणाच्या तरी जाण्याची वाट बघत असल्यासारखा दिसतो. फक्त आधार कार्डावर समोरून आहे, आणि त्यात मी कुणासारखाच दिसत नाही, माझ्यासारखाही नाही.

हाच तो दुसरा चार्ल्स, ज्याला पोर्तुगालची राजकन्या करून घेताना मुंबई आंदण मिळाली आणि ज्याने १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंडांवर देऊन टाकली. अख्खी मुंबई, समुद्रासकट. आज तेवढ्यात तिथे दोघांचं जेवण होतं, तेही गोड न मागवता. अशा व्यवहारी माणसाचे कपडे वापरणाऱ्याने दरोडे घालायला निघावं, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

जाता जाता एक कुरकुर नोंदवतो. आमच्या सरखेल कान्होजी आंग्र्यांकडे स्वतःचं आरमार होतं, जलदुर्ग होते, समुद्रात फिरणाऱ्यांना दस्तक देण्याचा अधिकार होता. त्यांना इंग्रज कायम चाचाच म्हणत आले. आणि स्वतःचा अस्सल चाचा रंगवायची वेळ आली, तेव्हा त्याला शिकायला कुठे घातलं? ईटनला! जिथे इंग्लंडचे पंतप्रधान तयार होतात, तिथे. १९२७ साली लेखक जे. एम. बॅरी स्वतः ईटनला गेला आणि तिथल्या मुलांपुढे ‘ईटनमधला कॅप्टन हूक’ या विषयावर भाषण करून आला. शाळेनेही ऐकून घेतलं. आमच्या शाळेत माजी विद्यार्थी म्हणून बोलायला मी दोनदा स्वतःहून फोन केला होता. दोन्ही वेळा ‘कळवतो’ म्हणाले.

ईटनमुळे हूकला एक रोग जडला, ‘गुड फॉर्म’चा. डिक्शनरीत याला शिष्टाचार, सभ्यता, रीतभात असे शब्द आहेत. पण घरात आपण असलं काही बोलत नाही. आपण म्हणतो, ‘‘शोभतं का हे?’’ माझी आजी हा प्रश्न पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी मागितल्यावर विचारायची, चपला फरफटवल्यावर विचारायची, पाहुण्यांसमोर जांभई दिल्यावर विचारायची. आणि मांजर कट्ट्यावर चढलं तर मांजरालाही विचारायची. कॅप्टन हूक हा आजीचाच नातू. माणसं मारतो, पण भाषा शुद्ध. जितका जास्त क्रूर व्हायचं असेल, तितका जास्त नम्र होतो. (आमच्या हाउसिंग सोसायटीची नोटीस ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको.)

पण त्याचा खरा त्रास पुढचा आहे. आपण शोभतोय का, याचा सतत विचार करणं हेच मुळी शोभतं का? एवढी जहाजं लुटलेला माणूस या एका प्रश्नाने पोखरला जातो. मला ते तंतोतंत कळतं. आहेराच्या पाकिटात ५०१ घालावेत की १००१, यावर मी आणि बायको एकदा कार्यालयाच्या पार्किंगमध्ये वीस मिनिटं बसलो होतो. शेवटी शोभायला हवं म्हणून १००१ घातले, पाकीट चिकटवलं आणि मग पत्रिकेवर खाली बारीक अक्षरात ‘आहेर आणू नये’ दिसलं. ते पाकीट अजून गाडीच्या कप्प्यात आहे. फोडून पैसे काढणं शोभत नाही.

या प्रश्नात त्याचा सर्वांत मोठा शत्रू पीटर नाही. तो आहे स्मी, त्याच्याच जहाजावरचा चष्मेवाला तांडेल. स्मी शिवणयंत्रावर टाके घालत बसतो, माणूस मारून झाल्यावर हत्याराऐवजी चष्मा पुसतो आणि मुलं आपल्याला टरकतात अशा समजुतीत खूश असतो. प्रत्यक्षात मुलांना तो फार आवडतो. आणि हूकला कोण आवडून घेतं? कुणीच नाही. तो डोकं खाजवतो (डाव्या हाताने), विचार करतो आणि त्याच्या लक्षात येतं की हा गबाळा माणूस शोभतो, कारण आपण शोभतो हे त्याला ठाऊकच नाही! एक क्षण वाटतं, याला इथेच फाडावं. पण चांगलं वागतो म्हणून माणसाला फाडणं, ते शोभतं का? संपलं. पुन्हा आजी.

कामगारांच्या बाबतीत तो जरा कडक आहे, हे मान्य. एक खलाशी तोल जाऊन अंगावर आला आणि हूकच्या लेसच्या कॉलरला सुरकुती पडली. आकडा फिरला, एक किंकाळी आली, प्रेत पायाने बाजूला झालं आणि या गड्याच्या तोंडातले सिगार हललेही नाहीत. सिगार अनेकवचनात, कारण एकदम दोन ओढता यावेत अशी दुहेरी नळी त्याने स्वतः बनवून घेतली होती. हा प्रसंग वाचताना मी नकळत दोनदा वाचला. माझ्या शर्टावर कुणी चहा सांडला तर मीच ‘सॉरी’ म्हणतो.

धाडसाला मात्र तोड नाही, एक अपवाद सोडून. त्याला स्वतःचं रक्त बघवत नाही. इथे मी पुस्तक मिटून कन्येला झोपायला सांगितलं. गेल्या महिन्यात साखर तपासायला गेलो असताना मी सुईआधीच खुर्चीत कलंडलो होतो, आणि ही बातमी घरी अजून पसरायची होती.

आता त्याचं नियोजन. पीटरच्या टोळीतल्या मुलांना कसं मारायचं, यावर हूकची योजना काय, तर हिरव्या साखरेचा भलामोठा, ओलसर, जड केक करून वाटेत ठेवायचा. या पोरांना आई नाही, त्यामुळे असला केक खाऊ नये हे त्यांना कोण सांगणार? हावरटासारखी खातील आणि मरतील! तोफा आहेत, तलवारी आहेत, आणि यांचा भरवसा कशावर, तर अपचनावर. त्यात त्यांची आई बनून वेंडी आली. मुलांनी केक उचलला की ती हातातून काढून घ्यायची. खलाशी पुन्हा नवीन जागी ठेवायचे, ती पुन्हा काढून घ्यायची. होता होता केक दगडासारखा झाला, मुलं तो फेकून मारायला वापरू लागली आणि एका काळोख्या रात्री हूक स्वतः त्याला अडखळून पडला. ऑफिसात माझ्या नावावर असे तीन प्रकल्प आहेत. तिसऱ्याला मी अजून अडखळतो.

हे सगळं मी एकदा बायकोला सांगितलं. म्हटलं, ‘‘तो खलनायक नाहीच मुळी. तो मध्यमवयीन माणूस आहे. त्याला फक्त शांतता हवी आहे आणि पोरं झोपत नाहीत.’’

ती म्हणाली, ‘‘हे तुला आत्ता कळलं? मग ‘पीटर पॅन’चं नाटक बसवणाऱ्यांना कधीचंच कळलं असणार.’’

कळलं होतंच. २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात हे नाटक पहिल्यांदा उभं राहिलं, तेव्हा वेंडीचे आणि तिच्या भावांचे वडील मिस्टर डार्लिंग आणि कॅप्टन हूक या दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या. जेराल्ड द्यू मोरिए त्याचं नाव. ज्या ल्युएलिन डेव्हिस भावंडांशी खेळता खेळता बॅरीला ही गोष्ट सुचली, त्यांचा हा सख्खा मामा. म्हणजे भाच्यांना घाबरवायला मामा, आणि मामाच्याच तोंडाचा बाप! पुढे हा पायंडाच पडला. नाटकात हे बाबा धाकट्याला सांगतात, औषध कसं मर्दासारखं घ्यावं. आणि स्वतःचं औषध हळूच कुत्रीच्या वाडग्यात ओततात. मग दुसऱ्या वेषात येऊन हूक पीटरच्या औषधात विष कालवतो. औषधाशी सरळ वागणं या माणसाला कोणत्याच कपड्यात जमत नाही. पुस्तकात तर मुलं उडून गेल्यावर पश्चात्तापाने डार्लिंगसाहेब कुत्रीच्या खोपटात राहायला जातात आणि त्या खोपटासकट बग्गीतून ऑफिसला जातात.

मी हे रंगवून सांगत असताना कन्या म्हणाली, ‘‘बाबा, तू आज बीपीची गोळी घेतलीस का?’’ मी विषय बदलला.

नको तिथे आपुलकी दाखवली की काय होतं, ते गणपतीत कळलं. सोसायटीतल्या मुलांचं नाटक ठरलं ‘पीटर पॅन’, आणि हूक मोठ्या माणसांतला हवा म्हटल्यावर कन्येने सगळ्यांदेखत जाहीर केलं, ‘‘माझे बाबा घरी रोजच असतात.’’

पहिली बैठक नावावरून अडली. नाटक मराठीत, मग नावंही मराठीत हवीत. हूक म्हणजे आकडा. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘अहो, स्टेजवर आकडा, आकडा ओरडलात तर लोकांना वाटेल आपण मंडपाला आकडा टाकून वीज घेतली. वीज कंपनीचा माणूस दुसऱ्या विंगेत राहतो.’’ दुसरे म्हणाले, मटक्याचाही अर्थ निघतो. शेवटी आडनाव करायचं ठरलं, कॅप्टन आकडे. ऐकल्याबरोबर कुणीतरी विमा विकायला आलंय असं वाटतं, पण मंजूर झालं.

मग वेशभूषा. ड्रेपरीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘‘चाचा नाही. मोगल सरदार चालेल?’’ मी म्हटलं, दुसरा चार्ल्स हवा. तो म्हणाला, ‘‘त्याचा अफझलखान करून नेलाय कुणीतरी.’’ अखेर मोगल सरदाराचा अंगरखा, तमासगीराचा फेटा सोडून उरलेले दागिने आणि पौराणिक नाटकातल्या नारदाचा केसांचा टोप, एवढ्यावर भागलं. टोपाला उदबत्तीचा वास होता. बाजूने मी अमोल पालेकरसारखा अजिबात दिसत नव्हतो.

आकडा हँगर वाकवून घरीच केला. तो कोणत्या हाताला लावायचा, यावर वाद झाला. सेक्रेटरींनी डिस्नेचा १९५३ चा चित्रपट पाहिला होता. त्यात आकडा डाव्या हाताला आहे. मी पुस्तक वाचलं होतं, त्यात उजव्या. मी विद्वत्ता सोडली नाही आणि दोन तास तिची किंमत मोजली. उजव्या हाताच्या आकड्याने लिफ्टचं बटण दाबलं जात नाही, ओरखडतं. फोन अंगठा मागतो; अंगठा टेपच्या चार वेढ्यांखाली होता. वडापावचा वडा आकड्यावर राहिला आणि पाव खाली पडला. सवयीने शेजारच्या आजींना नमस्कार करायला वाकलो, तो आकडा त्यांच्या नऊवारीच्या काठात गेला. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘सोडव रे बाबा, घाई नाही.’’ गोष्टीतला हूक म्हणतो की मी आई असतो तर मुलं हाताऐवजी आकडा घेऊनच जन्माला यावीत असं मागितलं असतं, केस विंचरायलासुद्धा तो कामी येतो. मी विंचरून पाहिलं. नारद परत उतरवावा लागला.

स्मीचं काम तळमजल्यावरच्या काकांनी केलं. त्यांनी एकही वाक्य पाठ केलं नव्हतं. स्टेजवर येऊन त्यांनी चष्मा पुसला, ‘‘काय रे पोरांनो, जेवलात का?’’ असं विचारलं आणि पाच मिनिटं टाळ्या पडल्या. मी चौदा वाक्यं पाठ केली होती. ‘थरथर कापा’ म्हटल्यावर पुढच्या रांगेतलं एक दोन वर्षांचं बाळ हसलं.

आणि आता मगर. पीटरने हूकचा हात तोडून मगरीला टाकला, तिला तो इतका आवडला की उरलेला हूक खायला ती आयुष्यभर मागे लागली. वाटेत तिने एक घड्याळही गिळलं, म्हणून ती जवळ आली की टिकटिक ऐकू येते आणि हूकची गाळण उडते. याबाबत मला तालमीची गरजच नव्हती. वाढदिवसाला बायकोने दिलेलं स्मार्ट घड्याळ माझ्या डाव्या मनगटावर असतं. ते मला पावलं मोजून दाखवतं, रात्री नीट झोपला नाहीत म्हणून सकाळी सुनावतं, आणि जरा टेकलो की थरथरून म्हणतं, उठा. हूकला निदान पळता तरी येत होतं.

आमची मगर म्हणजे मंडपाची उरलेली हिरवी ताडपत्री आणि तिच्याखाली चार मुलं. डोकं पहिलीतला एक मुलगा, शेपूट आमची कन्या. सूचना अशी होती की स्पीकरवर टिकटिक वाजली की मगरीने स्टेजच्या मागच्या कडेवरून निघायचं, मी घाबरायचं, पीटरने मला हलकेच ढकलायचं आणि मी मगरीत पडायचं.

शेवटचा प्रसंग आला. पीटर तलवार रोखून उभा राहिला. मी टिकटिकीची वाट बघू लागलो. टिकटिक सेक्रेटरींच्या मुलाच्या फोनमध्ये होती आणि फोनवर त्याच वेळी त्याच्या मित्राचा फोन आला होता. मूळ पुस्तकातही शेवटी घड्याळ बंदच असतं. मगर खाली टपली आहे हे हूकला कळू नये, म्हणून लेखकाने दया येऊन ते स्वतः थांबवलेलं असतं. माझ्यावर कुणी दया केलेली नव्हती. मी प्रेक्षकांकडे बघत राहिलो. प्रेक्षक माझ्याकडे. विंगेतून कुणीतरी तोंडाने ‘टिक’ म्हणालं आणि लाजून थांबलं. मगर जागची हलली नाही. ती शिस्तीची होती.

पीटर झालेला मुलगा नऊ वर्षांचा. त्याला यानंतर आईस्क्रीम होतं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग तलवार खाली ठेवली आणि माझ्या पोटरीवर सणसणीत लाथ घातली.

पुस्तकात हूकचा शेवट असाच आहे. पीटर खंजीर न वापरता लाथ मारतो, आणि हे काही शोभलं नाही असं त्याला ऐकवून हूक समाधानाने मगरीच्या तोंडात जातो. आयुष्यात एकदा तरी दुसराच कुणीतरी न शोभणारं वागला! मी हे वाक्य आठवडाभर घोटलं होतं, पण त्या क्षणी ते आपसूक आलं, थेट आजीच्या आवाजात. ‘‘शोभतं का रे हे?’’ मंडप हसून फुटला. मी मागच्या मागे ताडपत्रीत कोसळलो. वर नारदाचा टोप येऊन पडला.

आत अंधार होता आणि घामट ऊब. ‘‘बाबा, लागलं?’’ शेपटीने विचारलं. मी म्हटलं, नाही. आता पडदा पडेपर्यंत गुपचूप पडून राहावं, असं ठरवून मी डोळे मिटले. दिवसभरात पहिल्यांदाच मी असा स्वस्थ पडलो होतो. ते मनगटाला सहन झालं नाही. ते थरथरलं, उजळलं आणि टिणटिण करून म्हणालं की आपण बराच वेळ हालचाल केलेली नाही.

मगरीचं डोकं एकदम ताठ झालं. ‘‘वाजली रे टिकटिक! चला!’’

चौघंही उठले, मला मधोमध धरून त्यांनी ताडपत्री सावरली, आणि मगर कॅप्टन आकडेला शोधायला स्टेजवर निघाली.